माजी सैनिकांचे जुनाट दुखणे आणि व्यसनाचा धोका

तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ टिकणाऱ्या दुखण्याला जुनाट दुखणे म्हणतात. सैन्यातून निवृत्त झालेल्यांमध्ये कंबर, गुडघे, मान आणि खांदे यांचे असे दुखणे नेहमी आढळते. पाठीवरचे ओझे, डोंगराळ भागातील चढ-उतार, खडतर प्रशिक्षण आणि जुन्या जखमा ही त्याची प्रमुख कारणे. अनेक जवान पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतात. शिरूर-दौंड पट्ट्यातील इनामगावसारख्या गावात परतल्यावर शेती किंवा सुरक्षारक्षकाची नोकरी करायची, तर अंगमेहनत सुटत नाही. मग दुखणे दाबून काम रेटले जाते आणि गोळीचा किंवा दारूचा आधार घेतला जातो.

दुखणे का रेंगाळते?

जखम भरल्यावर वेदना थांबायला हवी. पण काही वेळा मज्जासंस्था अतिसंवेदनशील होते आणि धोका नसतानाही सूचना देत राहते. म्हणून एक्स-रेमध्ये फारसे काही दिसले नाही, तरी दुखणे खरे असते. पाय कापावा लागलेल्या सैनिकाला नसलेल्या पायात कळा येतात, त्याही खऱ्याच असतात. अपुरी झोप, काळजी, नैराश्य आणि युद्धकाळातील आठवणी यांमुळे वेदना वाढते.

व्यसनाची वाट

ट्रामाडॉल, कोडीन यांसारखी औषधे अफूच्या वर्गातील आहेत. काही आठवड्यांत शरीराला त्यांची सवय होते. तेवढ्याच गोळीने भागत नाही, आणि बंद केली तर अंगदुखी, घाम व बेचैनी सुरू होते. रुग्णाला वाटते मूळ दुखणेच वाढले. गैरवापर वाढल्याने ट्रामाडॉल २०१८ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणण्यात आले.

दारूचे गणितही असेच आहे. कॅन्टीनमधून स्वस्तात मिळणारी बाटली सुरुवातीला ‘झोप लागावी म्हणून’ उघडली जाते. दारूने डोळा लागतो, पण झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी दुखणे जास्त जाणवते. अफूवर्गीय औषध किंवा झोपेची गोळी दारूसोबत घेतल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. दारूसोबत नेहमीची वेदनाशामके घेतल्यास पोटात रक्तस्राव होऊ शकतो, तर जास्त प्रमाणात पॅरासिटामॉल घेतल्यास यकृताला धोका असतो.

अमेरिकेत माजी सैनिकांना अशा गोळ्या वर्षानुवर्षे सढळपणे दिल्या गेल्या. आता तिथल्या माजी सैनिक विभागाची २०२२ ची मार्गदर्शक सूचना जुनाट दुखण्यासाठी अफूवर्गीय औषधे सुरूच करू नयेत, असे सांगते. कर्करोग आणि आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील उपचार यांना वेगळे निकष लागतात.

काय करावे?

• ‘दुखणे शून्य’ हे ध्येय ठेवू नये. अर्धा तास चालणे, सलग सहा तास झोप, शेतात दोन तास काम असे मोजता येणारे ध्येय ठेवावे.
• फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून रोज थोडा करावा. बरे वाटले म्हणून एका दिवसात सगळे काम उरकू नये.
• एकाच डॉक्टरकडून औषधे घ्यावीत आणि दारू किती घेतो ते खरे सांगावे. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर गोळ्या आणू नयेत.
• रोजची दारू किंवा बऱ्याच दिवसांची गोळी एकदम बंद करू नये. दारू अचानक सोडल्याने झटके व भ्रम होऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

मदत कुठे मिळते?

निवृत्तिवेतनधारक माजी सैनिकांसाठी २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजेच ईसीएचएस, आहे. कार्ड घेऊन आधी जवळच्या पॉलिक्लिनिकमध्ये जावे. तिथून गरजेनुसार मोठ्या रुग्णालयात पाठवले जाते. कागदपत्रांची अडचण असल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे.

इनामगावहून पुणे सुमारे ९० किलोमीटर आहे. तिथे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, तर खडकीला पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. व्यसनमुक्तीसाठी डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण पुण्यातच आहे. इतक्या लांब जाणे जमत नसेल, तर मानसिक आधारासाठी टेलि-मानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे क्रमांक फोनवर उपलब्ध आहेत.

घरच्यांसाठी

गोळ्या ठरल्या तारखेआधी संपणे, बाटली लपवणे, चिडचिड आणि माणसांत न मिसळणे ही लक्षणे ओळखावीत. ‘फौजी असून एवढंसं सहन होत नाही?’ हा टोमणा माणसाला दवाखान्यापासून दूर नेतो. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे पडलेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर पोहण्याकडे वळले आणि १९७२ मध्ये पॅरालिम्पिक सुवर्णपदक जिंकले. प्रत्येकाला पदक मिळवायचे नसते, पण सावरण्यासाठी उपचार, सराव आणि सोबत सगळ्यांनाच लागते. दवाखान्यात पहिल्यांदा जाताना घरातले कुणीतरी बरोबर गेले, तर बरेच सोपे होते.