गुरुत्वमध्य आणि खरवडलेली पोथी

मी भाषेचा अध्यापक. तरीही गुरुत्वमध्याविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे. जोडआकृतीचे सोपे भाग पाडावेत, प्रत्येकाचे क्षेत्रफळ त्याच्या मध्याच्या अंतराने गुणावे आणि बेरजेला एकूण क्षेत्रफळाने भागावे, ही अभियांत्रिकीच्या वर्गातील रीत. तिचे मूळ इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील आर्किमिडीजपाशी पोहोचते. दोन भागांचा समाईक मध्य त्यांचे मध्य जोडणाऱ्या रेषेवर, जड भागाच्या जवळ असतो. आणि एखादा भाग कापून काढला तरी उरलेल्याचा मध्य सांगता येतो, हे त्याने सिद्ध केले.

याच तत्त्वाने आपल्याला नवे सिद्धांत कसे सुचले, हेही त्याने एका ग्रंथात लिहून ठेवले होते. त्या ग्रंथाची एकमेव ज्ञात प्रत तेराव्या शतकात खरवडली गेली आणि त्याच चर्मपत्रांवर प्रार्थना लिहिल्या गेल्या. १९०६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे हायबर्ग या डॅनिश पंडिताने ती पुसट ग्रीक अक्षरे ओळखली, तेव्हा तो ग्रंथ जगाला पुन्हा लाभला.

हायबर्ग हा भाषेचाच अभ्यासक होता, याचे मला विशेष वाटते. ज्ञान नेहमी खोटे ठरून लोपते असे नाही. कित्येकदा ते वाचणारा उरत नाही, म्हणून लोपते. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी वाचणारे घडविणाऱ्या या शाळेचे ऋण मी त्यासाठीच मानतो.