डार्टिंग्टन : श्रीनिकेतनचे इंग्लिश भावंड

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, टॉटनेसजवळ डार्ट नदीच्या काठी डार्टिंग्टन हे खेडे आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस राजा दुसऱ्या रिचर्डचा सावत्र भाऊ जॉन हॉलंड याने इथे भला थोरला वाडा बांधला. 1559 पासून चॅम्परनाउन घराणे तिथे नांदले. पुढे खर्च झेपेना. 1925 साली लेनर्ड आणि डोरोथी एल्महर्स्ट यांनी ही जहागीर विकत घेतली, तेव्हा मुख्य दालनावर छप्परही उरले नव्हते.

लेनर्ड यॉर्कशायरच्या पाद्र्याचा मुलगा, अमेरिकेत कॉर्नेलला शेती शिकलेला. रवींद्रनाथांनी त्याला बंगालमध्ये बोलावले. फेब्रुवारी 1922 मध्ये शांतिनिकेतनजवळच्या सुरुलला ग्रामोद्धाराचे केंद्र निघाले, तेच पुढचे श्रीनिकेतन. लेनर्ड त्याचा पहिला संचालक. पैसा डोरोथीचा. न्यूयॉर्कच्या व्हिटनी घराण्याची ती गर्भश्रीमंत लेक. लग्न झाल्यावर तोच प्रयोग इंग्लंडच्या खेड्यात करायचे दोघांनी ठरवले. जागा डेव्हनमध्ये शोधा, हेही रवींद्रनाथांनीच सुचवले. तरुणपणी ते तिथल्या टॉर्कीला राहिले होते.

मग शेती, कोंबडीपालन, फळबागा, लाकूड कापायची गिरणी, विणकाम असे एकेक सुरू झाले. 1926 मध्ये शाळा निघाली. तिथे छडी नव्हती आणि मुलेमुली एकत्र शिकत. आसपासच्या लोकांना ही मंडळी बिघडलेलीच वाटत. विल्यम वेअर या वास्तुतज्ज्ञाने दालनाला पुन्हा लाकडी छप्पर चढवले. 1934 मध्ये नाझी जर्मनी सोडून आलेल्या कुर्ट योसच्या नृत्यपथकाला इथेच आसरा मिळाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले नर्तक उदयशंकरही येऊन राहिले, आणि त्यांच्या अल्मोड्याच्या नृत्यकेंद्राला एल्महर्स्ट दांपत्याने पैसे दिले.

उद्योगांनी स्वतःच्या कमाईवर चालावे, हा लेनर्डचा आग्रह. तो फारसा साधला नाही. तूट डोरोथीच्या खजिन्यातून भरत राहिली. तरी संस्थापक म्हणून नाव आधी लेनर्डचे घेतले जाते, हे काही मला पटत नाही.

डोरोथी 1968 मध्ये गेली, लेनर्ड 1974 मध्ये. शाळा 1987 मध्ये बंद पडली. 1961 चे कला महाविद्यालय 2010 मध्ये कॉर्नवॉलमधल्या फाल्मथला हलले. पर्यावरणवादी सतीश कुमार यांच्या पुढाकाराने इथे 1991 पासून चाललेल्या शूमाकर कॉलेजचे पदवी अभ्यासक्रमही 2024 मध्ये थांबले. वाडा, बागा आणि शेतजमीन विश्वस्तांकडे आहे. श्रीनिकेतन मात्र रवींद्रनाथांच्या विश्वभारती विद्यापीठाचा भाग म्हणून चालू आहे, केंद्र सरकारच्या अनुदानावर.