चढणीचे मासे

मृगाचें पाणी नदीस मिळालें कीं मासे प्रवाहाच्या उलट दिशेनें वर चढूं लागतात. मराठींत त्यांस ‘चढणीचे मासे’ असें सार्थ नांव आहे. उन्हाळाभर खोल डोहांत जीव धरून राहिलेला मासा पहिल्या गढूळ लोंढ्यासरशीं बाहेर पडतो आणि अंडीं घालण्यास योग्य असें उथळ, ताजें पाणी शोधीत थेट ओढ्यानाल्यांपर्यंत जातो. मनुष्यानें ही गोष्ट फार प्राचीन काळीं हेरली. नदीवरील मासेमारीचा इतिहास म्हणजे बव्हंशीं या चढणीचा, आणि ती अडविणाऱ्या हातांचा, इतिहास होय.

नागपूरच्या उत्तरेस असलेलें कोराडी हें गांव देवीच्या स्थानामुळें व विजेच्या केंद्रामुळें सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या जवळून कोलार नदी वाहते. ती बिना येथील संगमावर कन्हानला मिळते. सातपुड्यांतून आलेली पेंचही तेथेंच येते. कन्हान पुढें आंभोऱ्यापाशीं वैनगंगेंत शिरते, वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीस जाते आणि गोदावरी पूर्वसमुद्रास. समुद्रापासून इतक्या दूर वसलेल्या कोराडीच्या पाण्यालाही एके काळीं समुद्राची वाट मोकळी होती.

या वाटेनें प्रवास करणारे जलचर दोन प्रकारचे. कांहींचा प्रवास गोड्या पाण्यांतल्या गोड्या पाण्यांत, डोहापासून नाल्यापर्यंत होतो. दुसऱ्यांना नदी आणि समुद्र हीं दोन्हीं लागतात. हिलसा वाढतो समुद्रांत आणि अंडीं घालण्यास गोदावरींत चढतो. गोदावरीचा मोठा झिंगा याच्या उलट नदींत वाढतो. परंतु त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांस निमखारें पाणी लागतें.

मासे धरणें ही एक विद्या आहे, हें आपल्याकडील पंडितांनींही मानिलें होतें. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत मत्स्यविनोदाचें स्वतंत्र प्रकरण आहे. गळाची काठी व दोरी कशी असावी, कोणत्या माशास कोणतें आमिष रुचतें, याचा त्यांत विचार केलेला आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं 1951 सालीं या प्रकरणाचें परीक्षण करून त्यांतील निरीक्षणाची वाखाणणी केली.

राजाला जो विनोद, तो ढिवराला चरितार्थ. वैनगंगेच्या खोऱ्यांत ढिवर समाजाचें जीवन पाण्याशीं बांधलेलें आहे. रसेल आणि हिरालाल यांनीं 1916 सालीं मध्यप्रांतांतील जातिजमातींचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत या लोकांची मासेमारी, पालखी वाहणें, शिंगाड्याची लागवड आणि नदीच्या वाळूंतील खरबुजांचे वेल यांचें वर्णन आहे. पाण्यांत पाग, पाणी उतरल्यावर शिंगाडे, वाळू उघडी पडल्यावर वेल, असा त्यांचा वर्षाचा क्रम होता. मरळ डोहांत केव्हां सांपडते, वाम कोणत्या कपारींत दडते, हें ज्ञान पुस्तकांत नव्हतें. बापाच्या डोंग्यांत बसूनच मुलगा तें शिकत असे.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का समुद्राकडून बसला. सर आर्थर कॉटन यांनीं धवळेश्वरम् येथें गोदावरीवर बांधलेला बंधारा 1852 सालीं पुरा झाला. त्यानें लाखों एकर शेती भिजली, दुष्काळाचें भय ओसरलें. पण हिलशाची वाट अडली. फ्रान्सिस डे या इंग्रज मत्स्यवेत्त्यानें 1873 च्या अहवालांत सरकारला बजाविलें कीं, बंधारे आणि बारीक फासाचीं जाळीं या दोहोंनीं नद्यांतील मत्स्यधन खालावत आहे. पुढें 1897 च्या कायद्यानें सुरुंगाचे स्फोट व विष यांनीं मासे मारण्यास बंदी केली आणि जाळ्यांविषयीं नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला. कायद्यानें पागाचा फास मोजला, भिंतीची उंची मात्र मोजली नाहीं.

स्वातंत्र्यानंतर भिंती वाढल्या. पेंचवर तोतलाडोह उभें राहिलें. गोसीखुर्द येथें वैनगंगेवरील धरणाची कोनशिला 1988 सालीं बसविण्यांत आली. हें धरण कन्हानच्या संगमाच्या खालच्या अंगास असल्यामुळें गोदावरीकडून कोराडीकडे येणारी वाट तेथेंच संपली. दरम्यान 10 जुलै 1957 रोजीं हिरालाल चौधरी व अलीकुन्ही यांनीं ओडिशांत इंजेक्शन देऊन कार्प माशांचें प्रजनन घडवून आणलें. मत्स्यबीज कारखान्यासारखें तयार होऊं लागलें, तलाव भरले. आणि चढणीवांचून मासा मिळतो असें ठरल्यावर चढणीची चिंता कोण करणार?

मासा अडला तसा माणूसही अडला. पेंच राष्ट्रीय उद्यानांतून उठविलेल्या 305 आदिवासी कुटुंबांना तोतलाडोहांत मासेमारीचे परवाने देण्यांत आले, तेव्हां त्यास हरकत घेण्यांत आली. 1997 सालीं सर्वोच्च न्यायालयानें परवाने रद्द केले नाहींत. छायाचित्राचें ओळखपत्र बाळगावें, कांठावर विस्तव पेटवूं नये, अशा अटी मात्र घातल्या. अरण्य राखलें पाहिजे, परंतु ज्यांचें पोट पाण्यावर आहे त्यांचाही विचार झाला पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

कोराडीचें वीजकेंद्र 1974 पासून दगडी कोळशावर वीज निर्माण करीत आहे. कोळसा जळतो, राख उरते, आणि राखेला जागा लागते. जुलै 2022 मध्यें अतिवृष्टींत खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला व राखेचा गाळ कोलार-कन्हानच्या पाण्यांत उतरला. तो मासे चढण्याचाच काळ होता.

अशा वेळीं उत्तर इंग्लंडमधील टाईन नदीची कथा आठवण्याजोगी आहे. न्यूकॅसलच्या कोळशाच्या व जहाजांच्या धंद्यानें आणि शहराच्या मैल्यानें ती नदी इतकी नासली कीं, 1959 सालीं तिच्यांत गळाला एकही साल्मन लागल्याची नोंद नाहीं. पुढें मैला वळविण्यांत आला, कारखाने उणावले. कील्डरच्या धरणानें अंडीं घालण्याच्या जागा बुडणार म्हणून भरपाईदाखल साल्मनची पिल्लें वाढविण्याचें केंद्र काढण्यांत आलें. कांहीं दशकांत साल्मन परतला आणि टाईनची गणना इंग्लंडच्या उत्तम साल्मन-नद्यांत होऊं लागली.

कोलार ही टाईन नव्हे, आणि ढिवर हा हौसेखातर गळ टाकणारा गृहस्थ नव्हे. टाईनवर मासा नाहींसा झाला तेव्हां अनेकांची करमणूक गेली. येथें मासा गेला तर चूल विझते. म्हणून येथील निकड अधिक आहे. राख पाण्याबाहेर ठेवणें, उन्हाळ्यांत डोह राखणें, पहिल्या पावसांत जाळीं आवरणें आणि नवी भिंत बांधतांना माशाची वाट विचारांत घेणें, हीं कामें अशक्य नाहींत. त्यांपैकीं तिसरें काम ढिवरांना करतां येईल. उरलेलीं तीन त्यांच्या हातीं नाहींत.