खर्जाला वाट देण्याची विद्या

मिरवणुकींतील ध्वनिवर्धकांच्या भिंतीला आम्ही कोल्हापूरकर 'डॉल्बी' म्हणतों. हें नांव ज्यांचें, त्या रे डॉल्बी यांनीं १९६५ सालीं लंडन येथें कंपनी काढली ती ध्वनिफितीवरील खरखर नाहींशी करण्यासाठीं! तेंच नांव येथें गोंगाटास मिळावें, हा दैवदुर्विलासच. तथापि आज मला त्या भिंतीमागें बसणाऱ्या मुलाच्या हातांतील विद्येविषयीं बोलावयाचें आहे.

माझा एक जुना विद्यार्थी हा व्यवसाय करतो. त्याच्या यंत्रावर प्रत्येक गाण्यासाठीं तीन बटणें आहेत. तो त्यांस बेस, मिड, ट्रेबल म्हणतो. मी खर्ज, मध्य, तार म्हणतों. एक गाणें चालूं असतां दुसरें त्याच लयींत आणावयाचें, पण त्याचा खर्ज मिटलेला ठेवून. प्रथम नुसती झांजेची किणकिण मिसळावयाची. आवर्तन पुरें होतांच पहिल्याचा खर्ज खालीं, दुसऱ्याचा वर. नाचणाऱ्याचें पाऊल चुकत नाहीं. दोन्ही खर्ज एकदम सोडल्यास काय होतें, तेंही त्यानें ऐकविलें. ढोलाचे ठोके किंचित् मागेंपुढें पडून एकमेकांस खाऊं लागले, आणि त्या गढूळ नादांत शब्द पार बुडाले.

या बटणांचा वंश जुना आहे. टेलिफोनच्या लांब तारेंत उंच स्वर अधिक क्षीण होत; त्यांस पुनः बरोबरीस आणणारी योजना ती 'इक्वलायझर'. बोलपटांनीं ती पुढें उचलली. प्रभात कंपनीनें १९३२ सालीं आमच्या याच गांवांत 'अयोध्येचा राजा' काढला, तेव्हां गाणें चित्रीकरणाबरोबरच मुद्रित होई. साथीदारांस जवळ वा दूर बसविणें हाच तेव्हांचा समतोल. १९५२ सालीं पीटर बॅक्झंडॉल या इंग्रज अभियंत्यानें खर्ज व तार निरनिराळे कमीअधिक करणारी सुटसुटीत रचना 'वायरलेस वर्ल्ड' मासिकांत प्रसिद्ध केली. दोन तबकड्या जोडून नाच अखंड ठेवण्याची कला न्यूयॉर्कच्या नृत्यगृहांत १९७० च्या सुमारास फ्रान्सिस ग्रासो यानें गाजविली.

आमच्या हलगी-घुमक्यांस बटणांची गरजच नव्हती. हलगीचा कडकडाट वर, घुमक्याचा घुमार खालीं, कैताळाची झणझण सर्वांवर. वाद्यांनींच आपापल्या जागा वांटून घेतल्या होत्या.

आतां अनंत चतुर्दशीस महाद्वार रोडवर मंडळांच्या गाड्या एकीमागें एक उभ्या राहतात. आपल्या यंत्रावर दोन खर्ज भिडूं न देणारा हाच मुलगा मागल्या गाडीच्या खर्जाशीं मात्र झुंजतो. मीं विचारलें, तर म्हणाला, "सर, तिथं माझा हात चालत नाही. कार्यकर्ते सांगतात, वाढव."

२००० सालच्या नियमांत निवासी भागासाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. परंतु ती मोजावयाची ज्या 'ए' पद्धतीनें, ती खर्जास फार कमी गुण देते. आणि भिंत ओलांडून येतो तो नेमका खर्जच. जुना मास्तर म्हणून या गुणपत्रिकेवर माझी सही व्हावयाची नाहीं.

गेल्या वर्षीं त्याची गाडी माझ्या गल्लीच्या तोंडाशीं आली, तेव्हां त्यानें खर्जाचें बटण खालीं घेतलें. माझ्या खिडकीचीं तावदानें थांबलीं. इतक्यांत मागली गाडी पुढें सरली आणि तीं पुनः वाजूं लागलीं.