मारास्का चेरी आणि तिचें नांव

मद्यांत मुरविलेलें फळ ही पाश्चात्त्यांच्या चैनीची वस्तु; तिला इतिहास तो कसला, अशी शंका वाचकांस येणें स्वाभाविक आहे. परंतु एखाद्या पदार्थाचें नांव त्या पदार्थापासून कसें दुरावतें, हें पाहावयाचें असल्यास मद्यांतील चेरीइतकें बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

मुळांत कृति साधी आहे. चेरीचा हंगाम थोड्या आठवड्यांचा, आणि फळ नाजूक. तें साखरेसह ब्रँडींत बुडवून ठेविलें म्हणजे मद्यार्कामुळें नासत नाहीं. हळूहळू फळाचा रस मद्यांत उतरतो व मद्य फळांत शिरतें. हिवाळ्यांत बरणी उघडावी आणि फळ व पेय या दोहोंचाही आस्वाद घ्यावा. आपल्या मुरांब्यांत जें काम पाक करितो, तेंच येथें बव्हंशीं मद्यार्क करितो.

या घरगुती कृतीस व्यापारी कीर्ति मिळाली ती एड्रियाटिक समुद्रकांठच्या झादर नगरींत. इटालियन लोक हिलाच झारा म्हणत. त्या किनाऱ्यावर मारास्का नांवाची लहान, काळसर व आंबट चेरी पिकते. तिच्यापासून गाळलेलें मद्य तें माराशिनो; आणि ब्रँडीऐवजीं त्यांत मुरविलेली मारास्का ती माराशिनो चेरी. १८२१ सालीं जिरोलामो लुक्सार्दो यानें तेथें कारखाना काढला. त्याची पत्नी मारिया कानेवारी घरीं जें मद्य करीत असे, तेंच या धंद्याचें मूळ. १८२९ मध्यें ऑस्ट्रियाच्या सम्राटाकडून त्यास खास सनदही मिळाली.

ही चेरी अमेरिकेंत लोकप्रिय होतांच नकला निघाल्या. तेव्हां १९१२ सालीं तेथील सरकारनें ठरविलें कीं, माराशिनो मद्यांत मुरविलेल्या मारास्का चेरीसच तें नांव लावावें. बाकीच्यांनीं ‘नकली’ हा शब्द जोडावा. पुढें १९२० ते १९३३ पर्यंत दारूबंदी होती. त्याच काळांत ऑरेगनमधील प्राध्यापक अर्नेस्ट विगंड यांनीं मिठाच्या पाण्यांत कॅल्शियमचे क्षार घालून फळ घट्ट राखण्याची रीत सिद्ध केली. अखेर १९४० मध्यें सरकारनेंच व्याख्या बदलली: लाल रंगविलेली, साखरेच्या पाकांत ठेविलेली व कडू बदामाचा स्वाद दिलेली चेरी, ती माराशिनो! मारास्का गेली, मद्यही गेलें. नांव तेवढें उरलें. आपल्याकडे केकवर दिसणारी ‘चेरी’ पुष्कळदां पाकविलेलें व रंगविलेलें करवंदच असतें, हें ध्यानांत घेतां अमेरिकनांस हंसण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

इकडे मूळ भूमीवर याहून दारुण प्रसंग आला. १९४३-४४ मधील बाँबवर्षावांत झादर उद्ध्वस्त झालें. कारखाना पडला, आणि लुक्सार्दो घराण्यांतील कांहीं मंडळी प्राणांस मुकली. वांचलेल्या जॉर्जियोनें १९४७ सालीं इटलींत पाडुआजवळील तोरेल्या येथें पुनश्च आरंभ केला. फ्लॉरेन्सच्या एका प्राध्यापकानें अभ्यासासाठीं जपलेलीं मारास्काचीं झाडें त्याच्या कामास आलीं. झादर युगोस्लाव्हियांत व १९९१ नंतर क्रोएशियांत गेलें. तेथेंही मारास्कापासून मद्य गाळणें चालूच राहिलें.

मग खरा वारस कोण, घराणें कीं भूमि? मला वाटतें, १९१२ चा नियमच येथें न्यायाचा आहे. त्यानें ना घराणें विचारिलें, ना राज्य. फळ कोणतें आणि तें कशांत मुरविलें, एवढेंच विचारिलें. यांपैकीं फळाच्या कसोटीस तरी तोरेल्या व झादर हीं दोन्ही उतरतात. घर सोडावें लागलें तरी वारसा जातो असें नाहीं. वस्तु टाकून नुसतें नांव बाळगणाऱ्याकडून मात्र तो निश्चित जातो.