सोनेगावची मध्यरात्र

1949 च्या जानेवारीत सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव तळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची नि उतारूंची अदलाबदल होई, आणि पहाटेच्या सुमारास ती आपापल्या मुक्कामी परतत; दोन इंजिनांच्या त्या साध्या यंत्राचे हे नित्य पुनरुड्डाण हेच मला त्याचे खरे वैभव वाटते. अपघात त्यांनाही चुकले नाहीत; 1953 मध्ये सोनेगावीच एक डाकोटा उड्डाणसमयी कोसळले. परंतु पुनर्वापराच्याच हेतूने रचलेले अमेरिकेचे स्पेस शटल प्रत्येक उड्डाणानंतर प्रदीर्घ दुरुस्तीत अडके, आणि 135 उड्डाणांत दोन याने चौदा अंतराळवीरांसह नष्ट झाली. कारण वजनाच्या काटकसरीपायी अग्निबाणाला विमानाइतकी मजबुती राखण्याची मुभाच नसते. नागपूरची ती टपालसेवा 1973 पर्यंत चालली.