पुट अप विथ

पुट अप विथ : इंग्रजी भाषेतील एक त्रिपदी क्रियापदबंध. अर्थ : एखादी अप्रिय गोष्ट, व्यक्ती वा परिस्थिती पसंत नसताना आणि तिच्याविषयीची तक्रार मनातून गेलेली नसताना, प्रतिकार न करता ती सहन करणे; सोसणे, खपवून घेणे, चालवून घेणे. ‘पुट’ हे क्रियापद, ‘अप’ हे क्रियाविशेषण आणि ‘विथ’ हे शब्दयोगी अव्यय अशी याची घटना असून, तिघांचे अर्थ वेगवेगळे ठाऊक असलेल्या वाचकालाही त्यांच्या बेरजेतून सहनशीलतेचा अर्थ काढता येत नाही. इंग्रजीतील असल्या क्रियापदांमुळे परदेशीयांची फार मोठी अडचण होते, हे सॅम्युअल जॉन्सन याने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नमूद करून ठेवले आहे; या वर्गाला आज रूढ असलेली ‘फ्रेजल व्हर्ब’ ही संज्ञा मात्र लोगन पिअर्सल स्मिथ याच्या १९२५ सालच्या ‘वर्ड्‌स अँड इडिअम्स’ या ग्रंथामुळे प्रचारात आली, आणि ती त्याला ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचविली होती.

इतिहास : सोळाव्या-सतराव्या शतकांतील इंग्रजीत नुसते ‘पुट अप’ हेच ‘आत ठेवणे, आवरून ठेवणे’ या अर्थाने प्रचलित होते. तलवार म्यान करण्यास तोच शब्द आणि झालेला अपमान बदला न घेता गिळण्यासही तोच शब्द योजला जाई. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकाच्या चौथ्या अंकात फसविला गेलेला रॉडरिगो आपण हे मुकाट्याने सोसणार नाही असे बजावतो, तेव्हा त्याच्या तोंडी ‘विथ’ नसलेले हेच जुने रूप आहे. पुढे अठराव्या शतकात ‘विथ’ची जोड मिळून आजचे रूप स्थिर झाले. अपमान गिळण्याचा तो मूळ भाव आजच्या अर्थाखालीही जिवंत आहे आणि पर्यायांची निवड करताना त्याचाच आधार घ्यावा लागतो.

व्याकरण : भूतकाळी व भूतकालवाचक धातुसाधितात रूप बदलत नाही, वर्तमानकाळी तृतीयपुरुषी एकवचनी ‘पुट्‌स अप विथ’ असे होते. उच्चारात आघात ‘अप’वर पडतो. कर्म नेहमी ‘विथ’च्या नंतर येते, तीन पदांच्या मध्ये कधीही नाही, आणि कर्म आधी येऊन गेले असेल तर ‘द नॉइज वी हॅव टु पुट अप विथ’ याप्रमाणे ‘विथ’ वाक्याच्या अखेरीस राहते.

या शेवटच्या लकबीवरून एक प्रसिद्ध वाद उद्भवला. वाक्याचा शेवट शब्दयोगी अव्ययाने करू नये, हा आक्षेप जॉन ड्रायडन याने १६७२ साली बेन जॉन्सनच्या लेखनावर घेतला आणि पुढे शाळामास्तरांनी त्याचा कायदा केला. सरकारी दप्तरांतील इंग्रजी सुबोध व्हावे म्हणून अर्नेस्ट गॉवर्स यांनी लिहिलेल्या १९४८ च्या ‘प्लेन वर्ड्‌स’ या पुस्तकात, ‘पुट अप विथ’ची पदे मुद्दाम उलटीपालटी करून या कायद्याची हास्यास्पदता दाखविणारा एक शेरा विन्स्टन चर्चिल यांच्या नावावर सांगितला आहे, परंतु तशाच धाटणीचे वाक्य १९४२ सालच्या छापील मजकुरात त्यांच्या नावाविना आढळत असल्यामुळे ते कर्तृत्व सिद्ध मानता येत नाही. शेऱ्याचा कर्ता कोणीही असो, तीन पदांचा हा बंध फोडला की भाषा बिघडते, हे त्यातून निर्विवाद ठरते.

पर्याय व अर्थच्छटा : कोशांत समानार्थी म्हणून एका ओळीत छापले जाणारे शब्द व्यवहारात एकमेकांची जागा क्वचितच घेतात. ‘टॉलरेट’मध्ये बंदी घालण्याचा अधिकार हाती असूनही मुभा देण्याचा भाव असतो, म्हणून शासन, धर्ममते आणि शिस्त यांच्या चर्चेत तो शोभतो, शरीराला औषध मानवते हे सांगतानाही वैद्यकात तोच येतो. ‘एन्ड्युअर’ हा दीर्घ व गंभीर यातनेचा शब्द आहे. युद्ध, कारावास, दुष्काळ यांना तो लागू पडतो, शेजाऱ्याच्या रेडिओला लागू पडत नाही. ‘बेअर’ आणि ‘स्टँड’ बहुधा ‘कॅन’ किंवा ‘कॅनॉट’च्या सोबतीने येतात आणि सोसणाऱ्याची शक्ती कोठवर पुरते ते सांगतात. ‘स्टमक’ अपमान किंवा कटू सत्य पचविण्याविषयी, तोही बहुधा नकारार्थी. ‘अबाइड’ याच अर्थी जवळजवळ नेहमी नकारासह, तर ‘ब्रुक’ केवळ ग्रांथिक व अधिकारवाणीच्या भाषेत, विलंब वा विरोध खपणार नाही असे बजावताना येतो. ‘सफर’चा चालवून घेण्याचा अर्थ आता जुना झाला असला, तरी १६११ च्या बायबल-भाषांतरातून आलेल्या ‘सफर फूल्स ग्लॅडली’ या वाक्प्रचारात तो टिकून आहे.

या सर्वांत ‘पुट अप विथ’ हा घरगुती, बोलीतला आणि रोजच्या त्रासाचा शब्द होय. गळके छप्पर, उशिरा येणारी गाडी, वरिष्ठाचा तिरसट स्वभाव हे त्याचे नेहमीचे विषय. ‘आय डोन्ट नो हाउ शी पुट्‌स अप विथ हिम’ यात सोसणारीविषयी आदर आणि सोसायला लावणाऱ्याविषयी नापसंती ही दोन्ही एकदम व्यक्त होतात; ‘आय वोन्ट पुट अप विथ इट’ हा निर्वाणीचा इशारा ठरतो; आणि ‘वुई जस्ट हॅव टु पुट अप विथ इट’मध्ये नाइलाजाची कबुली असते. औपचारिक अर्जात मात्र ‘टॉलरेट’ अथवा ‘एन्ड्युअर’ योजणे उचित.

मराठीभाषकांसाठी विशेष सूचना : भारतीय इंग्रजीत ‘पुट अप’चा ‘मुक्काम करणे, राहणे’ हा अर्थ फार रूढ असून ‘व्हेअर आर यू पुटिंग अप?’ हा प्रश्न येथे सर्रास विचारला जातो. परंतु काकांकडे उतरलेल्या मनुष्याने ‘आय ॲम पुटिंग अप विथ माय अंकल’ असे सांगितले, तर इंग्रज श्रोता ‘काकांना कसाबसा सहन करीत आहे’ असाच अर्थ घेण्याचा संभव अधिक. तेथे ‘स्टेइंग विथ’ म्हणावे. मराठीत आणताना कर्म वस्तू वा गैरसोय असेल तर ‘चालवून घेणे’, कोणाचे वर्तन असेल तर ‘खपवून घेणे’, आणि त्रास दीर्घकाळचा असेल तर ‘सोसणे’ अशी निवड करावी; सरसकट ‘सहन करणे’ लिहिल्यास मुळातली तक्रार नाहीशी होते. म्हणून विद्यार्थ्याने पर्यायांची यादी पाठ करण्यापेक्षा, काय सोसले जात आहे, किती काळ आणि कोणत्या नाइलाजाने, हे आधी ठरवावे व मगच शब्द निवडावा.